कढई घेऊन पळता येत नाही

नवरा जर्मनीत र्युसेल्सहाइमला गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, आणि मी घरी बसून वैतागलेली. त्या वर्षांत शनिवारच्या फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या बाजाराला, मी जायचे ते घानाच्या एका बाईसाठी. जर्मनच्या वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. बाजाराच्या कडेला ती पिकलेली केळी तळून विकायची. परवाना नव्हता. तिची लहानगी लेक तिकडे आजीपाशी होती आणि तिला इकडे आणायची परवानगी यायची होती. लेक आणायची तर मोठं घर हवं, म्हणून हा उद्योग. आणि पकडली गेली तर याच उद्योगापायी ती परवानगी जाणार होती.

शेजारी तिच्याच देशातले पुरुष चादर पसरून पट्टे, गॉगल विकत.

"तूही पट्टेच विक ना," मी एकदा म्हटलं.

ती हसली. "आमच्या बाजारात पट्टे पुरुषांचे, चूल बायकांची. बाईकडून पट्टा कोण घेतो?"

मला आमची मंडई आठवली. गाळ्यात तराजूमागे पुरुष, आणि खाली गोणपाटावर पालेभाजी घेऊन बाई. सुकणारा, सडणारा माल नेमका बायकांच्याच वाट्याला. कुठेही जा, पळसाला पानं तीनच!

एका शनिवारी नवराही माझ्याबरोबर आला होता, आणि नेमकी पालिकेची माणसं आली. कुणीतरी शीळ घातली. पुरुषांनी चादरीची टोकं उचलली, गाठोडं खांद्यावर टाकलं आणि पसार झाले. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. तिच्या कढईत तेल कडकडीत तापलेलं, भोवती पोरंबाळं. ओतावं तर कुठे, उचलावं तर कसं? तिनं गॅस बंद केला आणि कुणा पोराचा हात पडू नये म्हणून कढईपाशीच उभी राहिली.

"आल्झो... बरं, चल आता," नवरा माझा दंड धरून म्हणाला. "आपलाही व्हिसा आहे, उगाच झेंगट नको."

असा संताप आला मला त्याचा! पण तिनंच डोळ्यांनी मला जा म्हणून खुणावलं.

लेकीची परवानगी नाकारली गेली. पुरुष मात्र पुढच्याच शनिवारी चादरी पसरून बसले होते. तिच्या जागी तेलाचा डाग होता.

थंडीत ती वर्गात भेटली. लेक कशी आहे, मी विचारलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "आजीचे हात थरथरतात आता. तिकडे बाजारात आजीच्या कढईपाशी लेकच बसते."