बाईचा हिस्सा

माझी नणंद गेली तेव्हा मला रडूच आलं नाही. पौषात ताप चढला, चंद्रपूरला न्यायला जीप ठरवली, आणि जीप येईपर्यंत सगळं आटोपलं. अंगणात बाया गळे काढत होत्या आणि मी चुलीवरचं पाणी उतरवत होते. "दगड हाये वो हे, दगड," कोणीतरी म्हणालं. म्हणो बापडी. मला आतून काही लागतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गोंडपिपरीच्या बाजारात मासे विकायलाही गेले असते, पण सुतक म्हणून सासूनं घरी बसवलं.

तिला सगळं गाव बाई म्हणायचं, म्हणून मीही बाईच म्हणायचे. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय वाळलेला. कुबडी घेऊन चालायची, आणि पायाची कसर जिभेनं भरून काढायची. लग्न केलं नाही. "मले कोणाचं रांधा-वाढा कराचं नाई," म्हणायची. माझ्या हातचं आयतं खायचं आणि वर, मीठ कमी! नव्वद सालानंतर तिनं आजूबाजूच्या गावांतल्या अपंगांना एसटीत घालून चंद्रपूरला न्यायला सुरुवात केली. कोणाचं सर्टिफिकेट, कोणाचा पास, कोणाची तीनचाकी सायकल. कंडक्टर कुरकुरला की ही दारात कुबडी आडवी घालायची, चढवा नाहीतर गाडी इथीच राहू द्या. बाप्पा, तिच्यासोबत प्रवास म्हणजे डोक्याला ताप. पण लोक जीव टाकायचे तिच्यावर. कोणाच्या शेतात बोरं पिकली की पहिली ओंजळ आमच्या ओसरीवर यायची.

आम्ही ढिवर, तलावावर जगणारे. उन्हाळ्यात पाणी आटलं की गाव मिळून जाळं ओढतं, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांत माशांचे वाटे पडतात. नियम बापजाद्यांचा, जो पाण्यात उतरेल त्याचा हिस्सा. आता गावात एक आंधळा म्हातारा होता, तो बोटांनी चाचपून सगळ्यांची फाटकी जाळी गाठी मारून सांधायचा. एक मुकी बाई त्याला जाळं बुडवणारे शिशाचे मणी ओवून द्यायची. जाळं चालायचं या दोघांमुळे, पण हिस्सा त्यांना कधी नाही. पाण्यात उतरत नाहीत ना!

एका उन्हाळ्यात बाई पाळीवर जाऊन भांडली. "काऊन गा, जाळं काय आभाळातून पडते?" वाटे पाडायचं काम माझ्या चुलत सासऱ्यांकडे, त्यांना सगळे भाऊ म्हणत. ते हसले. "नियम हाये बाई. पाण्यात उतर, हिस्सा घे." म्हणायची खोटी, बाईनं कुबडी टाकली आणि ढुंगणावर घसरत घसरत खाली गेली. वाळका पाय दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात ठेवला. "उतरली. काढा आता."

पाळीवर हशा पिकला. भाऊंनी डोळे पुसत पुसत वाटा काढला. मग तिनं म्हाताऱ्याला आणि मुकीला ओढून नेलं, त्यांचेही पाय ओले केले, त्यांचेही वाटे घेतले. पुढं दर उन्हाळ्याला हेच. लोक तर जाळ्यापेक्षा बाईच्या घसरण्याची वाट पाहायचे.

पहिल्या वर्षी घरी आल्यावर मी म्हटलं, "जितल्या न बाई तुमी." ती रोहूचं डोकं चोखत बसली होती. डोकं तिचंच असायचं, त्यात कोणी वाटेकरी नाही. म्हणाली, "हसून देऊन राह्यले वो ते. मी मेल्यावर समजन, हक्काचा हिस्सा होता का माहा लाड होता."

आणि ती मेली. कुबडी दाराआड उभी होती. झाडताना मी ती उचलायचे, खालचं झाडायचे, पुन्हा तिथंच ठेवायचे. पौष गेला, माघ गेला, शिमगा गेला. लोक तिच्या आठवणी सांगायला येऊन बसत, मी चहा करून देई. माझ्या डोळ्याला टिपूस नाही. मलाच माझी भीती वाटायला लागली होती.

चैतात जाळं पडलं. मी टोपली घेऊन पाळीवर गेले. वाटे मांडून झाले होते. त्यात एक वाटा वेगळा, निवडक मासे, वर चाफ्याचं फूल. भाऊंनी त्याला हात जोडले. "हा आमच्या बाईचा हिस्सा." गडीमाणसं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागली. मी पानं पाहत गेले. म्हाताऱ्याचं पान नव्हतं. मुकीचंही नव्हतं.

"आन् या दोघायचा?" मी विचारलं.

"त्यायचा कायचा वो आता? बाईचं मन मोडवत नव्हतं, म्हणून देत होतो. घरी पाठवून देऊ चार मासे, उपाशी थोडीच ठेवतो."

असा संताप आला मला! जी गेली तिच्यासाठी फूल, जे आहेत त्यांच्यासाठी पान नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारा उठला. मुकीनं त्याचा हात धरला. दोघं चाचपत उतारावरून खाली गेले आणि गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले.

"उतरलो भाऊ," म्हातारा म्हणाला.

"अगा, पाठवतो म्हटलं न तुले."

"पाठवू नोका. बाईचा तिच्यापाशी राहू द्या. आमचा काढा."

या वेळी कोणीच हसलं नाही. एक पोरगा काहीतरी पुटपुटला, त्याला भाऊंनी हातानंच गप्प केलं. मग वाकले, प्रत्येक वाट्यातला एकेक मासा उचलला आणि दोन पानं मांडली. फूलबिल काही नाही, सगळ्यांसारखीच पानं.

मी बाईचा हिस्सा टोपलीत घातला आणि लगालगा घराकडे निघाले. कधी एकदा सांगते असं झालं होतं. हसले नाहीत बाई, कोणीच हसले नाहीत. बाई ओसरीवर असेल, "मंग काय झालं वो?" विचारेल, मग मी आधी थोडं ताटकळत ठेवेन तिला. अर्धी पाळ संपली आणि माझे पाय थांबले. टोपली उतरवून मी तिथंच मातीत बसले.

मागून बाया आल्या. "अवो, आता रडून राह्यली का?" एकीनं विचारलं.

"हो," म्हटलं, "आता."