विंगेतली प्रॉम्प्टर

असे भुताटकीचे अनुभव सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत आले – "आदल्या दिवशी काय खाल्लं होतंत?" त्यामुळे आता माझ्यावरच ही वेळ आलेली बघून काही जणांना गुदगुल्या होतील. होऊ द्यात. आधीच सांगून टाकते, दोन पोळ्या आणि दुधीची भाजी. दुधीने कुणाला काही ऐकू आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

वय चौऱ्याहत्तर, मुक्काम कोथरूड, व्यसन एकच – जुनी नाटकं. पण हे व्यसन हल्ली परवडत नाही. मोठ्या थिएटरात पुढे बसायचं तर तिकिटाच्या पैशात आठवड्याची भाजी येते, आणि बाल्कनीतून मला नटाचा फक्त भांग दिसतो. त्यातही जुनं तीन अंकी नाटक, न कापता, नीट पाठ करून करणारे किती? शोधावे लागतात. शाळांची सभागृहं, मंडळांचे हॉल, हौशी पोरांचे ग्रुप... माझी नात सई म्हणते, "आजी, तू नाटकं शोधत नाहीस, वास काढत जातेस."

गेल्या थंडीत असाच वास लागला. सदाशिव पेठेतल्या एका शाळेचं सभागृह, रविवार, दुपारी साडेबारा, तिकीट शंभर रुपये. करणारी सगळी हिंजवडीत नोकरी करणारी मुलं. आणि नाटक – नाव मुद्दाम सांगत नाही – बावन्न वर्षांपूर्वी आमच्या कचेरीच्या नाट्यमंडळाने केलेलं. त्यात मी होते. स्टेजवर नव्हे, विंगेत. प्रॉम्प्टर.

त्या प्रॉम्प्टरबद्दल थोडं सांगायला हवं. बावीस वर्षांची, नाकाचा शेंडा कायम वर, एका हातात टॉर्च, दुसऱ्यात खाकी कव्हर घातलेलं नाटकाचं पुस्तक, आणि समज असा की नाटक हीच चालवते. "माझ्या प्रयोगात वाक्य गळत नाही," असं कॅन्टीनमध्ये सांगत फिरायची. अशी दीडशहाणी. नजर पुस्तकावरून हलवायची नाही, नटाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हा तिने स्वतःच काढलेला नियम. आमच्यात पद्धत अशी की पडदा ओढणारा समोरच्या विंगेत उभा असायचा आणि प्रॉम्प्टरने टॉर्च दाखवला की पडदा पाडायचा. म्हणजे पडदा या बाईंच्या हातात!

आमची नायिका होती विजू. कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. प्रयोगात तिसऱ्या अंकात ती अडली. मी वाक्य दिलं – "मला कोणी अडवू नका, मी थांबलेलीच आहे." ती गप्प. पुन्हा दिलं, जरा दटावून. ती विंगेकडे सरकली आणि कसंबसं म्हणाली, "शैला, पडदा." मी पुस्तकातून मान वर न काढता म्हटलं, "आधी वाक्य बोल."

ती बोलली. पूर्ण बोलली. मग कोसळली. लोकांना अभिनय वाटला, टाळ्या पडल्या.

तीन दिवसांनी विजू इस्पितळातच वारली. मेंदूत रक्तस्राव. आधी आणलं असतंत तरी कदाचित फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'कदाचित'वर डोकं ठेवून मी बावन्न वर्षं झोपले. ती मला काय म्हणाली आणि मी काय उत्तर दिलं, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

मग त्याच नाटकाला का गेलात, असं विचाराल. सईला म्हटलं, स्वस्त आहे. खरं म्हणजे तिसरा अंक एकदा शेवटपर्यंत बघायचा होता.

आम्ही तिसऱ्या रांगेत डाव्या कडेला बसलो. पोरं फार छान करत होती, उगाच खोड काढायला मला जागाच सापडेना. नायिकेचं काम करणारी मृण्मयी सव्वीस-सत्तावीसची असेल. तिसरा अंक सुरू झाला... आणि ती अडली.

त्याच जागी.

माणूस विसरतो, त्यात काय, असं मी स्वतःला सांगतेय तोवर डाव्या विंगेतून कुजबूज आली. "मला कोणी अडवू नका, मी थांबलेलीच आहे."

आवाज माझा होता. आत्ताचा घोगरा नव्हे. तेव्हाचा – बारीक, चोख, शिष्ट.

सईला विचारलं, "ऐकलंस?"

"काय?"

"प्रॉम्प्टिंग."

"कोणी नाही बोललं आजी. शू!"

तेवढ्यात पुन्हा आलं. जरा दटावून. अगदी तसंच. तुम्हाला सांगते, भूत असेल तर ते मेलेल्याचं असावं अशी माझी निदान अपेक्षा होती. मी तर तिसऱ्या रांगेत बसले होते, पर्समध्ये बीपीच्या गोळ्या घेऊन! स्वतःला घाबरायचं म्हणजे काय करायचं, कुठे पळायचं?

मृण्मयी विंगेकडे एक पाऊल सरकली. तिचे ओठ हलले. आणि मला कळलं की आता ती काय मागते आहे, आणि आत उभी असलेली ती कार्टी मान वर न काढता काय सांगणार आहे.

मी उठले. "पडदा! पडदा पाडा!"

पुण्याचा प्रेक्षक तो. मागून लगेच, "अहो आजी, घरी ओरडा!" दुसरे एक जण, "बसा की खाली, आम्हीही तिकीट काढलंय!" मी तशीच गुडघे सावरत स्टेजच्या पायऱ्यांकडे निघाले, ओरडतच. पडदा ओढणारा मुलगा बहुतेक मलाच घाबरला असावा. पडदा पडला. आणि पडद्यामागे धप्पकन आवाज झाला.

प्रेक्षकांत एक निवृत्त डॉक्टर होत्या, त्या आत धावल्या. सईने गाडी दारात आणली. मृण्मयीच्या हृदयाचे ठोके बिघडले होते. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं संध्याकाळी फोनवर कळलं.

सगळे मला विचारत होते, आजी, तुम्हाला कसं समजलं? मी दिग्दर्शकाला विचारलं, "तुमची प्रॉम्प्टर कुठाय?" तो म्हणाला, "आम्ही प्रॉम्प्टर ठेवतच नाही. सगळं पाठ असतं." मी डावी विंग बघायला गेले. शाळेने तिथे मोडके बाक छतापर्यंत रचून ठेवले होते. माणूस सोडा, मांजर उभं राहायला जागा नव्हती.

आठवड्याने मृण्मयीला भेटायला गेले. मनाशी म्हणत होते, म्हातारीला भास झाला, विषय संपला. ती उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "आजी, मला ना वाक्य आठवत होतं. छातीत कसंतरी होत होतं, म्हणून मी विंगेत बघून म्हटलं, पडदा टाका."

"मग?"

"आत एक बाई होती. म्हणाली, आधी वाक्य बोल." मग तिने विचारलं, "कोण होती हो ती?"

मी मोसंबी सोलत राहिले.

त्या संध्याकाळी सईला सगळं सांगितलं, बावन्न वर्षांपूर्वीचं सुद्धा. ती म्हणाली, "पण आजी, तू तिला वाचवलंस." पोरगी प्रेमळ आहे. हिशेब कच्चा आहे.

आता मृण्मयी बरी झाली आहे. येत्या रविवारी त्याच सभागृहात पुन्हा प्रयोग आहे. तिने माझ्यासाठी पहिल्या रांगेतला पास पाठवलाय, सोबत चिठ्ठी – "आजी, तुम्ही असलात की मला भीती वाटणार नाही." मी दिग्दर्शकाला फोन करून विंग मोकळी करून घेतली आहे आणि पडदा ओढणाऱ्याला मृण्मयीवरून नजर काढू नको म्हणून बजावलंय. त्यापलीकडे मला काही सुचत नाही.

ती कार्टी आत उभी होती म्हणून त्या दिवशी माझं तिथे असणं कामी आलं, की मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले म्हणूनच ती आत येऊन उभी राहिली? एवढं जरी मला कोणी सांगितलं, तरी रविवारी जायचं की घरी बसायचं हे ठरवता येईल.