मोरपंखी कुर्ता

चंद्रप्रभाबाई पुण्याहून झेलम एक्स्प्रेसमध्ये बसल्या, तेव्हा त्यांनी ट्रंकेला साखळी लावली, साखळीला कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. समोरच्या बर्थवरचा माणूस फारच सभ्यपणे वागत होता, म्हणून त्यांनी दिल्लीपर्यंत डोळ्याला डोळा लागू दिला नाही. लक्ष्मीबाई नगरातल्या मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी गॅसची टाकी हलवून पाहिली, दुधात बोट बुडवून ते अंगठ्यावर घासून पाहिलं, आणि देवापुढचा नारळ कानाशी धरून वाजवला. तिन्ही गोष्टी ठीक निघाल्या, याचा त्यांना जरा विरसच झाला.

अशा बाईला सुनेचा संशय यायला कितीसा वेळ लागणार?

खरं तर त्या आल्या होत्या सुनेसाठीच. विनायकच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आता कुठे अलकनंदाला दिवस गेले होते. नातवंडाचं तोंड धडपणे पाहायला मिळावं, यापलीकडे चंद्रप्रभाबाईंना देवाकडे काहीही मागायचं नव्हतं. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल गेलेलं होतं. ती गोष्ट घरात कुणी काढत नसे आणि त्याही काढत नसत. पण अलकनंदा जिना उतरू लागली की यांचा श्वास वरच अडकायचा, आणि ती खाली पोचल्यावरच सुटायचा.

एक्क्याण्णव साल होतं. अलकनंदा मंत्रालयात असिस्टंट होती आणि रोज सकाळी चार्टर्ड बसने ऑफिसला जायची. चंद्रप्रभाबाईंच्या आठवणीतल्या पोटुशा बायका म्हणजे सासूच्या मऊ झालेल्या साड्या कशातरी गुंडाळून भिंतीला टेकून बसणाऱ्या. आणि ही बया रोज नव्या थाटात निघायची. एक दिवस पुरुषी मापाचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खाली नाडीच्या जागी रुंद इलॅस्टिक लावलेली सलवार. दुसऱ्या दिवशी छातीखाली चुण्या घातलेला बारीक फुलांचा लांब टॉप. कधी साध्या कुर्त्यावर उघडं जाकीट आणि एका खांद्यावर सोडलेली मोठी ओढणी. पोट झाकायचा आटापिटा कशातच नव्हता, पण गबाळेपणाही नव्हता.

"एवढं नटून जायचं ते कुणासाठी?" चंद्रप्रभाबाईंनी एकदा विचारलंच.

"कुणासाठी नाही हो आई. ऑफिसात सगळे माझ्याकडे आजारी असल्यासारखं बघतात यार," अलकनंदा म्हणाली आणि जीभ चावली. "सॉरी. यार तुम्हाला नाही म्हटलं."

चंद्रप्रभाबाईंना 'यार'चं काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष टॉपच्या गळ्याकडे होतं. मागच्या बाजूला, जिथे कंपनीचं लेबल असतं, तिथे ते अर्धं कापलेलं होतं.

मनात पाल चुकचुकली ती तेव्हापासून. सून ऑफिसला गेली की त्या कपाट उघडून एकेक कपडा उलटा करून पाहू लागल्या. या टॉपचं लेबल कापलेलं. त्या शर्टाचंही कापलेलं. नव्या कपड्याचं लेबल कोण कशाला कापेल? कुणीतरी टाकलेले, कुणाच्या तरी अंगावरचे कपडे आहेत हे. कुणाच्या, ते देव जाणे.

शनिवारी अलकनंदा पिशवी घेऊन निघाली तशा याही चपला घालून मागोमाग गेल्या. सरोजिनी नगरचा बाजार चालत जाण्याइतका जवळ होता. गर्दीत एका खांबाआड उभं राहून त्यांनी सुनेला पाहिलं. ती कपड्यांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून उभी होती. एक शर्ट उचलायची, शिवण ताणून पाहायची, उजेडात धरून डाग शोधायची आणि परत फेकायची. चोखंदळपणात ती अगदी सासूला शोभेल अशी होती, पण हे चंद्रप्रभाबाईंच्या ध्यानात आलं नाही. ती पुढे गेल्यावर त्या ढिगापाशी गेल्या आणि आपल्या पुणेरी हिंदीत दुकानदाराला खडसावू लागल्या, की ये लेबल क्यों काट्या है, किसका उतरा हुआ माल है.

"माताजी, एक्सपोर्ट का माल है," तो शांतपणे म्हणाला. "बटन टेढ़ा हो, रंग का फ़र्क़ हो, तो बाहरवाले नहीं लेते. लेबल काट के हमें दे देते हैं. बिल्कुल नया है, सूंघ के देख लो."

त्यांनी खरोखरच वास घेऊन पाहिला. कोऱ्या कापडाचा, खळीचाच वास होता. कुणीही समजूतदार बाई इथे थांबली असती. चंद्रप्रभाबाई घरी परत येताना विचार करत राहिल्या, की मग त्या मोरपंखी कुर्त्याचं काय?

कारण मोरपंखी कुर्त्याला खळीचा वास नव्हता. त्याला ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास होता. अलकनंदाचा तो सगळ्यात आवडता. मऊ सुती, गळ्याशी बारीक कशिदा, आणि खाली छान घेर. त्यांनी तो खिडकीशी नेऊन उलटा केला. दोन्ही कडांची शिवण एकदा उसवून कुर्ता ढिला केलेला होता, मग पुन्हा आत घेतलेला, आणि आता परत ढिला केलेला. जुन्या टाक्यांची भोकं ओळीने दिसत होती आणि दोऱ्याचा रंगही वेगळा होता. म्हणजे अलकनंदाच्या आधी हा कुर्ता दुसऱ्या एका पोटुशा बाईने घातला होता.

"हा कुणाचा गं?" संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मैत्रिणीचा."

"कोण मैत्रीण? तिचं बाळ केवढं आहे आता?"

"आई, चहा टाकू?" अलकनंदा म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली.

एवढं पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कुर्ता पिशवीत घातला आणि वरच्या मजल्यावर कुमुदकडे गेल्या. अख्ख्या दिल्लीत त्यांचा विश्वास बसला होता तो या एका बाईवर. कुमुदचा नवरा भालचंद्र ऑडिटमध्ये होता, घरात मूलबाळ नव्हतं. भाजीवाल्याशी हिंदीतून घासाघीस करायला तीच यांच्या मदतीला यायची आणि दुपारच्या चहाला यांचे सगळे संशय निमूटपणे ऐकून घ्यायची.

"हे बघ कुमुद," त्यांनी कुर्ता दिवाणावर पसरला. "ही शिवण बघ. दोनदा उसवलीय. हा कुर्ता कुणाचा आहे, तुला ठाऊक असणार. उद्या अलकाला ऑफिसात पार्टी आहे आणि ती हाच घालून जायचं म्हणतेय. मी जाऊ देणार नाही. पुलावरून यमुनेत सोडून देते."

कुमुदने कुर्त्याला हात लावला नाही. "इथे सगळ्या जणी एकमेकींना कपडे देतात, काकू. चार महिन्यांसाठी नवे कुठे घ्यायचे?"

"देऊ देत की. ज्यांची मुलं अंगणात खेळतायत त्यांनी खुशाल द्यावेत. आपणसुद्धा बाळाला पहिलं झबलं जुनंच घालतो, चांगल्या घरातलं मागून आणतो. पण तसं असतं तर अलकाने नाव सांगितलं नसतं? जिचं मूल राहिलं नाही तिचाच आहे हा. असल्या बायकांनी तरी समजून वागावं."

कुमुदला पटलेलं नाही असं वाटून चंद्रप्रभाबाई खाली बसल्या आणि जे त्यांनी विनायकलाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगू लागल्या.

"मला अनुभव आहे म्हणून सांगते. माझ्या पहिल्या वेळी कांताने साडी दिली होती. माझी मावसबहीण. आंब्याच्या रंगाची होती, मला इतकी आवडायची की धुऊन वाळली की तीच नेसायची. कांताचं मूल आदल्या वर्षी गेलेलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मुलगी झाली ती रडलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, साडी बाधली. त्यानंतर मी कांताचं तोंड पाहिलं नाही. माझ्या दारात आली होती एकदा. मी आतून कडी लावून घेतली."

कुमुद उठली. ओट्यावर चहा उतू जायला आला होता. तिने गॅस बंद केला आणि तिथेच पाठमोरी उभी राहून म्हणाली, "काकू, तो माझा आहे."

चंद्रप्रभाबाईंना पहिल्यांदा कळलंच नाही.

"गेल्या श्रावणात सातवा लागला होता मला," कुमुद म्हणाली. "त्यातच गेलं. मी सगळे कपडे पुन्हा आत घेऊन ट्रंकेत भरून ठेवले होते. अलका आली आणि म्हणाली, इतका सुंदर कुर्ता अंधारात कशाला पडायला हवा. मी नको म्हटलं होतं तिला. तुम्ही म्हणताय तेच मनात होतं माझ्या. तीच हट्टाने घेऊन गेली. सकाळी तो घालून ती खाली बसची वाट बघत उभी राहते ना, तेव्हा मी गॅलरीतून बघते. बरं वाटतं."

मग ती वळली आणि तिने हात पुढे केला. "तुम्हाला नको असेल तर द्या इकडे. नदीत नका सोडू."

चंद्रप्रभाबाईंनी कुर्ता उचलला, पण तो त्यांच्या हातून सुटेना. समोर कुमुद उभी होती, त्यांच्यासाठी भाजीवाल्याशी भांडणारी, त्यांच्या चहात आठवणीने कमी साखर घालणारी कुमुद. हिने कुणाच्या बाळाचं वाईट केलं, असं कुणी सांगितलं असतं तर त्यांनी सांगणाऱ्याची जीभ हासडली असती. मग कांताने तरी काय केलं होतं? तिनेही कपाटातली चांगली साडीच काढून दिली होती. आयुष्यभर त्यांनी दूध तपासलं, वजनं तपासली, माणसं तपासली. एक सासूबाईंचं वाक्य तेवढं तपासल्यावाचून घेतलं आणि त्या वाक्यापायी सख्ख्यासारख्या बहिणीला दारातून घालवलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. ही लाज कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

"कांताताई कुठे असतात आता?" कुमुदने विचारलं.

"माहीत नाही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "मी कधी विचारलंच नाही."

कुमुदचा हात अजून पुढेच होता. चंद्रप्रभाबाईंनी पदराने डोळे कोरडे केले, कुर्ता सुलट केला, झटकला आणि गळ्याजवळचा कशिदा बोटांनी सारखा करून पाहिला.

"पिशवीत कोंबून चुरगळला सगळा," त्या म्हणाल्या. "तुझी इस्त्री दे."

कुमुदने टेबलावर घोंगडी अंथरली. चंद्रप्रभाबाई उभ्या राहून इस्त्री करू लागल्या. आधी बाह्या, मग घेर, मग त्या दोन्ही उसवलेल्या कडा. भीती गेली नव्हती. एका दुपारात जाईल इतकी ती लहान नव्हती. अलका सुखरूप बाळंत होईपर्यंत त्या रोज घाबरणार होत्या, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी कुर्ता नीट घडी करून हातावर घेतला आणि दाराशी गेल्या.

"उद्या सकाळी बसच्या वेळेला खाली ये," त्या म्हणाल्या. "वरून कशाला बघायचं?"