जगदेवीचं निदान

विड्या वळण्यात तेवीस वर्षं गेलेल्या जगदेवीला गल्लीत वैद्याचा मान होता. नव्या पोरींना तंबाखूच्या धुळीनं गरगरे, ओकारी येई, घाम फुटे. 'तंबाखू लागली' म्हणून जगदेवी गुळा-लिंबाचं पाणी पाजी, आडवं निजवी. तासाभरात पोरगी पुन्हा सूप मांडीवर घेऊन बसे.

दुष्काळाच्या साली, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, एका सकाळी अकराला तिची सून महानंदा विड्या वळता वळता कलंडली. ओकली. अंग थंडगार. जगदेवीनं लिंबू पिळलं.

"अत्ती, पोटात लई दुखतंय. खांदा बी."

"दिसभर वाकून बसल्यावर दुखंल न्हाय तर काय? पी गुमान."

शेजारची दाक्षायणी दारातून म्हणाली, "सिव्हिलात न्या की वो. रंग बघा तिचा."

"सिव्हिलात? माझा मालक तितं चालत गेला, आनायला चौघं लागली. कोपऱ्यावरचा डॉक्टर काय मेलाय?"

पण उतार पडेना. एक वाजता तिनं सुनेला धरून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. खेड्यांतून आलेल्या माणसांनी ओटा भरला होता. कंपाउंडर गुरुसिद्धप्पानं पत्र्याचा बिल्ला दिला, सव्विसावा. आत चौदावा होता.

"घाई असंल तर सिव्हिल गाठा, जगदेवीबाई."

"घाई कशाची? तंबाखू लागलीया. एक सुई टोचली की झालं."

ती बाकावर बसली, महानंदाचं डोकं मांडीवर घेऊन. बाविसावा आत गेला तेव्हा तिनं पदरानं सुनेचं तोंड पुसलं. ओठ पांढरेफटक. मनगट चाचपलं, नाडी सापडेना. पोटावर हात ठेवला. ते फुगून दगडासारखं झालं होतं. तंबाखूनं असं होत नाही. तेवीस वर्षांत एकीचंही झालं नव्हतं.

"गुरुसिद्धप्पा, टांगा बोलव!"

"आता तीनच हायेत की तुमच्या म्होरं."

"ते तिघं जाईस्तोवर ही ऱ्हात न्हाय रे!"

टांग्यात ती महानंदाच्या गालावर चापट्या मारत होती, शिव्या देत होती, लगेच तिचं कपाळ कुरवाळत होती.

सिव्हिलमधल्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून?"

'आत्ताच' हा शब्द जिभेवर आला होता. तो गिळून ती म्हणाली, "अकरापासनं. म्याच बसवून ठिवली. लिंबूपानी पाजलं."

"गर्भ नळीत राहिला होता. नळी फुटलीय, पोट रक्तानं भरलंय. लगेच ऑपरेशन करावं लागेल. अंगठा उठवा इथं."

"गर्भ?"

आधीचे दोन गेले होते, म्हणून या खेपेला महानंदानं कुणाला सांगितलंच नव्हतं.

निरोप मिळताच मिलमधून मुलगा सिदू आला, केसांत कापसाचे तंतू घेऊन. "अव्वा, सकाळी तर धडधाकट होती की!" जगदेवीनं सगळं सांगितलं, एक मिनिट लपवलं नाही. तो बाही वर करून रक्त द्यायला गेला. तिनंही हात पुढं केला. नर्सनं तिची पापणी ओढून पाहिली.

"मावशी, तुमच्याच अंगात रक्त नाही."

पाच वाजता डॉक्टर बाहेर आला. "वाचेल असं वाटतंय. शुद्धीवर येतेय. एकानंच आत जा."

सिदूनं आईकडं पाहिलं. "तू जा, अव्वा."

"नगं. तू जा." तिनं त्याला दाराकडं ढकललं. "डोळं उघडल्या उघडल्या माझं तोंड दिसू नगं तिला."

आणि व्हरांड्यातल्या भिंतीकडं तोंड करून ती खाली बसली.