सुरक्षित नातेवाईक

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, त्याची माफी असावी. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागायची सवय जात नाही. दुबईतल्या एका पोलीस ठाण्यात मी मुलांच्या खोलीत मदतनीस होते. सफाई कंपनीतून गेले होते, पण मराठी किंवा हिंदी बोलणारं मूल आलं की मॅडम मलाच सोबतीला बसवायच्या. आता ते काम सुटलं. बाकीच्या केसेस पुसट झाल्या, ही मात्र जात नाही.

दुबईतल्याच करामा भागातल्या एका शाळेतून फोन आला. दुसरीतल्या मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले होते. मुलगा मराठी. आईबाप आणि आईचा मोठा भाऊ असे सगळे एकाच फ्लॅटमध्ये राहत. फ्लॅट मामाच्या नावावर. इथे ज्याच्या नावावर घर, त्याचाच शब्द घरात चालतो.

मॅडम म्हणजे आमच्या लेफ्टनंट बाई. त्यांनी कॉम्प्युटरवर मुलाच्या ओळखपत्राचा नंबर टाकला तशी जुनी नोंद निघाली. आधी हे सगळे दुबईजवळच्या अजमानला होते. तिथे मुलाचा हात मोडला, दवाखान्याने वर कळवलं आणि मुलांच्या संरक्षणाच्या कार्यालयात बापाने लिहून दिलं की मारणारा मीच, पुन्हा असं होणार नाही. कार्यालयाचं बघून दवाखान्याने लिहिलं, मग नव्या शाळेने. सगळीकडे एकच. धोका बापापासून. सुरक्षित नातेवाईक, मामा.

बापाला आणलं. त्याने मान खाली घालून या वेळीही कबूल केलं. आई नुसती रडत होती. मारणारा माणूस सहसा काहीतरी कारण सांगतो, पोरगं ऐकत नाही, डोकं फिरलं. याने एकही कारण सांगितलं नाही. पण सगळ्या नोंदी जुळत होत्या, मग शंका कोण घेणार?

मामा मुलाला न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चॉकलेटची पिशवी. "काय मावशी, गाव कुठलं तुमचं? भाच्याने त्रास नाही ना दिला?" कागद तयार होता, मॅडमची सही तेवढी राहिली होती. मी मुलाला बूट घालत होते. तो पाय आखडून घेत होता. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हात मोडला तेव्हा खूप दुखलं का रे?"

"हो. बाबा इंडियात होता. केम आफ्टर. मग माझ्या प्लास्टरवर टायगर काढला."

मॅडम दारातच होत्या. मराठी त्यांना कळलं नाही, पण 'इंडिया' आणि 'आफ्टर' कळलं. त्यांनी पेन खिशात ठेवलं आणि बाप या देशात कधी आला-गेला त्याची नोंद मागवली.

"अजून किती वेळ? यल्ला मॅडम, आवरा लवकर, मला मीटिंग आहे," मामा म्हणाला.

"बैठो," मॅडम म्हणाल्या.

नोंद आली. हात मोडला त्या दिवशी बाप या देशातच नव्हता.

त्याला पुन्हा समोर बसवलं. मॅडमचे प्रश्न मी मराठीत सांगत होते. "तू इथे नव्हतास. मग लिहून का दिलंस?"

त्याने आधी दार लागलंय का बघितलं. मग म्हणाला, "दादांनीच आम्हाला इथे आणलं. घर त्यांचं, नोकरी त्यांनी लावली. म्हणाले, माझ्यावर केस झाली तर सगळेच खलास. तू बाप आहेस, बापाने मारलं तर समज देऊन सोडतील. आणि सोडलंच की, मावशी."

"आणि आज?"

"एकदा लिहून दिलंय. आता नाही म्हटलं तर कोण मानणार?"

मामाला उठवून आत नेलं. पिशवी बाकावरच राहिली.

मला तेव्हा एक समजलं. चार ठिकाणी एकच लिहिलंय म्हणजे चार साक्षीदार नव्हेत. एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं असतं.

आमची नोंद लगेच दुरुस्त झाली. मॅडमनी बाकीच्यांना पत्रं पाठवली. मला वाटलं, संपलं. काही महिन्यांनी बाप ठाण्यात आला. शाळेच्या गेटवर त्याला अजून अडवत होते. शाळा म्हणे दवाखान्याला विचारा, दवाखाना म्हणे कार्यालयाला, आणि कार्यालय म्हणे, इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात. मॅडमनी फोन उचलला. "इन्शाल्ला नको. आज." कार्यालय आणि दवाखाना फोनवरच उरकले. मग मुलगा मला ओळखतो म्हणून मला घेऊन शाळेत गेल्या आणि शाळेच्या कॉम्प्युटरवर बापाच्या नावापुढची लाल खूण निघेपर्यंत क्लार्कच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

शाळा सुटली. बाप पहिल्यांदाच गेटच्या आत उभा होता. मुलगा आला, त्याला बघून थांबला. धावला नाही. बापाने हात पुढे केला. मुलाने आधी गार्डकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "अंकल, अॅम आय अलाउड?"