बीडच्या स्टँडवर प्रेमाचा पिक्चर निघेल का?

लहानपणी तंबूतल्या सिनेमाच्या जनरेटरची धडधड गावभर ऐकू यायची. आज ती माझ्या छातीत आहे.

दुपारी नातीसोबत मोबाइलवर एक हसरा प्रेमपट पाहिला. नायक उंच इमारतीत एकटा, म्हणून अबोल. नायिका गजबजलेल्या गल्लीतली, म्हणून बडबडी.

म्हटलं, "मने, शहरच माणसाचा स्वभाव सांगतंय की! आपल्या बीडच्या स्टँडवर कसलं जमतंय प्रेम? नायिका आधी गेवराईची गाडी लागली का, ते बघंल."

"कावून न्हाई जमणार, आबा? रसवंतीपाशी लिंबाची लई गार सावली हाय. घुंगरं वाजतेत. तिथली माणसं बी गोडच असतेत."

मी चमकलो. हिचा क्लास गावाच्या दुसऱ्या टोकाला. मग ही सावली हिला कशी ठाऊक? आणि उद्या तर पुण्याचे पाहुणे हिला बघायला येणार आहेत.

मित्रहो, शाळेत कवितेत सावली आली की मी गुरुजींना विचारायचो, "कुणाची?" घरात नातीला हे कसं विचारावं?

हे लिहितोय तोच कडी वाजली. दारात स्टँडवरच्या रसवंतीवाल्या बाई. मागं त्यांचा तरणा मुलगा, हातात रसाची किटली.

"आबा, पाहुणे उद्या येणार ना? म्हणून आमी आजच आलो."