आधी तांदूळ बघ

काकाजी गेल्याचा फोन काकूनेच केला. ‘‘गेले रे तुहे काकाजी,’’ एवढं म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता, ‘‘वही माह्याजवळ आहे.’’ महिना होत आला, पण मला त्यातलं दुसरं वाक्यच जास्त ऐकू येतं. कारण त्या वहीत माझा एक निकाल अडकला होता.

वही सिनेमांची. चिमूरजवळच्या आमच्या गावात धान पिकवणारे काकाजी तरुणपणी तंबूतल्या सिनेमात मशीन चालवत. नवं रीळ पडद्यावर कसं दिसतं ते त्यांनी पाहिलं होतं, आणि म्हातारपणी तेच जुने ब्लॅक अँड व्हाइट सिनेमे डीव्हीडीवर बघताना त्यांचा हट्ट एकच : चित्र तसंच दिसलं पाहिजे. दुपारी जेवण झालं की खिडकीला घोंगडी लावायची, टीव्ही ओल्या फडक्याने पुसायचा, खुर्ची साडेचार हातांवर. गोष्ट पाठच होती. ते बघत नायकाच्या धोतराचा पांढरा आणि बाईच्या केसांतला काळा. मग वहीत एका ओळीचा निकाल. चंद्रपूरपासून लोक फोन करत, ‘‘काकाजी, हे डिस्क घेऊ का?’’ घराण्यातला गोष्टी सांगणारा म्हणून मी मिरवतो, पण माझी गोष्ट ऐकायला कोणी फोन केल्याचं स्मरत नाही.

त्यांच्या पंच्याहत्तरीला मी त्यांच्या सर्वांत लाडक्या सिनेमाची, साफसूफ करून नव्याने काढलेली ब्लू-रे डिस्क नेली. चालवायचं मशीनही नेलं. दहा मिनिटांत त्यांनी ते बंद केलं.

‘‘पिवळी आहे. वापस कर.’’

‘‘काकाजी, सगळे चांगली म्हणून राह्यले हिला!’’

‘‘सगळ्यायनं मशीन चालवली का?’’

मी रागाने डिस्क आणि मशीन तिथेच टाकून न जेवता निघालो. म्हणजे बसस्टँडवर दोन समोसे खाल्ले, पण घरी जेवलो नाही.

त्या वर्षी त्यांना भातही पिवळा दिसायचा. मिलवाला जुना तांदूळ मिसळतो म्हणून त्यांनी काकूचं डोकं खाल्लं. ती म्हणे, ‘‘आपल्याच बांधीतला धान आहे, मीच उभी राहून भरडून आणला.’’ शेवटी एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर ते अंगणात काकूजवळ बसले होते. ती तांदूळ निवडत होती. त्यांनी एक डोळा झाकला. मग दुसरा. परत पहिला.

‘‘इकून पांढरा दिसते, इकून पिवळा.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काय... सिनेमे नाई, मीच पिवळा होतो.’’

दुसऱ्या कोणी हसून सोडलं असतं. काकाजींनी दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करून घेतलं आणि वहीच्या पहिल्या पानापासून सगळे सिनेमे पुन्हा बघायला घेतले. जुन्या निकालाखाली नवा निकाल, जुना न खोडता. घोंगडी लावण्याआधी ताटलीत मूठभर तांदूळ घेऊन उजेडात बघायचे. पांढरा दिसला तरच रिमोटला हात. ज्यांना चुकीचं सांगितलं होतं त्यांना फोन गेले. ब्रह्मपुरीच्या एका निवृत्त गुरुजींना त्यांनी डिस्क फेकायला लावली होती. तिथं ते एसटीने गेले आणि दारातच म्हणाले, ‘‘गुरुजी, डिस्क चांगली होती, माहा डोळा खराब होता.’’ गुरुजींनी ती फेकलीच नव्हती. काकाजी कधी आले तर दिसू नये म्हणून कपड्यांखाली ठेवली होती.

माझी ब्लू-रे वहीत सर्वांत शेवटी होती. मी दर फोनला म्हणे, ‘‘माझी आधी बघा ना.’’

‘‘तुही मधात घेतली तर बाकीच्यायले काय सांगू? नंबरानं ये.’’

खरं सांगतो, पन्नाशी उलटलेल्या मला काकांच्या तोंडून ‘तुझं बरोबर होतं’ एवढंच ऐकायचं होतं. तीन सिनेमे उरले होते. त्या सकाळी ते बांधीवरून आले, खुर्चीत बसले, चहा मागितला... चहा होईपर्यंत थांबले नाहीत.

तेरवी आटोपल्यावर मी मागे राहिलो. उरलेले सिनेमे बघायचेच होते, आणि नंबरानेच. पहिले दोन झाले. तिसऱ्या दुपारी माझी पाळी. मी घोंगडी उचलली तशी काकू ताटली घेऊन आली. ‘‘आधी तांदूळ बघ.’’

तांदूळ पांढरा होता. पडद्यावरचं धोतरही पांढरंशुभ्र होतं. मी काकूकडे अशा तोऱ्यात बघितलं, जणू धोतर मीच धुतलं होतं. मग नायिकेचा चेहरा जवळ आला. साफ करता करता कोणीतरी तिच्या डोळ्यांखालची, कपाळावरची रेघन्‌रेघ पुसून टाकली होती. रडताना गालसुद्धा हलत नव्हता. काकाजींच्या जुन्या डीव्हीडीवर हीच बाई रडायची तेव्हा तिची प्रत्येक रेघ हलताना दिसायची.

‘‘कशी आहे मंग?’’

‘‘काकू, पिवळी नाही. पण चांगलीही नाही.’’

‘‘मंग लिही तसंच.’’

मी पेन हातात घेतलं. खोटं लिहिलं असतं तर ते पकडायला काकाजी नव्हते. मग त्यांच्या ओळीखाली लिहिलं : ‘पिवळी नाही. चेहरे मेणाचे. घेऊ नये.’

काकूने वही मला दिली आणि वर ती ताटलीही. दोन्ही आता चंद्रपुरात माझ्या टीव्हीशेजारी आहेत. गेल्या आठवड्यात गुरुजींचा फोन आला, एक नवी डिस्क निघाली आहे, घेऊ का? बघून सांगतो म्हटलं. मी मागवलेली डिस्क काल आली. मी डब्यातून मूठभर तांदूळ ताटलीत घेतला आणि आधी खिडकीपाशी गेलो.